सही कोणाची

शेंद्रा, ४ ऑगस्ट १९९८

चि. बन्सी यास कडूबाकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडं कपाशी बरी आहे. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत ते कळव.

काल माझी नात सरू तुझ्या दवाखान्यातून रडत आली. नववा लागला, मूल सरळ आहे, असं तूच म्हणालास म्हणे, आणि त्याच दमात वीस तारखेला सिझर करू म्हणालास. का, तर पहिलं सिझर होतं. अरे, तेव्हा मूल आडवं होतं. त्यानंतर पोरीला तीन महिने हंडा उचलता आला नाही. आपल्या गावातल्या मनकर्णाबाईचंही पहिलं सिझरच होतं ना? दुसऱ्या वेळी तूच तिला नीट मोकळं केलंस. आता तुला काय झालं?

तुला भीती कोर्टकज्ज्याची आहे, असं तुझी नर्स म्हणाली. म्हणून सोबत कागद जोडला आहे. काही झालं तर डॉक्टरची चूक नाही, असं लिहून माझी आणि नातजावयाची सही, व्याह्यांचा अंगठा घेतला. सख्ख्या पुतण्याला असा कागद द्यायची लई लाज वाटली. रागानं लिहिलं, तरी माया आहे तेवढीच आहे.

कडूबा

औरंगाबाद, ८ ऑगस्ट

ती. कडूबाकाकांना बन्सीचा शि. सा. न. वि. वि. आईचे गुडघे दुखतात, पण जिना चढणं ती सोडत नाही.

कागद परत पाठवतो. वकील म्हणाले, ग्राहक मंचात असा कागद टिकत नाही. मनकर्णाबाईनंतर चितेगावच्या एका बाईसाठी मी अशीच वाट पाहिली. बाळाचा हात अधू राहिला. लवकर सिझर का केलं नाही, एवढंच मला मंचात तीन वर्षं विचारत आहेत. सिझर केलं म्हणून आजवर कोणी तारखेला बोलावलं नाही.

जुना टाका शंभरात एखादीचा उसवतो. भूल देणारे डॉक्टर आणि रक्त तयार ठेवलं तर सरूसाठी थांबता येईल. हे मी तिला सांगितलं नाही. काका, खरं लिहितो, हे सिझर मी माझ्यासाठी करतो आहे. रागवा, पण परकं करू नका.

बन्सी

शेंद्रा, ११ ऑगस्ट

चि. बन्सीस आशीर्वाद. वि. वि. माझा चष्मा फुटला, म्हणून तुझं पत्र सरूनंच वाचून दाखवलं. कुठं थांबली नाही. मला मात्र असा संताप आला की भाकर गेली नाही. तुला तारखांना फिरवणाऱ्यांचाही आला. पण त्या पोराचा अधू हात आठवला, की तिथं कसा रागावू?

मग सरूनं माझा कागद उलगडून विचारलं, "आजोबा, ह्यात माझी सही कुठं आहे?" मी म्हणालो, तुझी कशाला, आम्ही आहोत ना. तिनं कागदाची घडी घालून माझ्या पुढ्यात ठेवली.

तू तिला सांगितलं नाहीस, मी तिला विचारलं नाही. शुक्रवारी तिला घेऊन येतो. शंभरातल्या त्या एकीचं काय होतं, तेही तिला सांग. मग ती म्हणेल तसं कर. मी बाहेर बाकावर बसेन. आत बोलावलंस तरी येणार नाही.

लोभ असू दे. राग अजून गेलेला नाही.

कडूबा