दोन सह्यांचा कागद

प्रिय अंतरा,

तू तिकीट बघते आहेस असं काल बाबांकडून कळलं. घाईने बुक करू नकोस, आधी हे वाच. मुद्दाम हाताने लिहून फोटो पाठवते आहे, म्हणजे अक्षर माझंच आहे याची खात्री पटेल.

इथे हर्नडनमध्ये थंडी जोरात आहे. मंडळाच्या संक्रांतीला मृणालिनीकाकूंनी पुन्हा विचारलं, सीरिया म्हणजे दुबईच्या जवळच ना. मी तिळगूळ खाली ठेवला आणि सांगितलं, की तिथे यादवी पेटलेली असताना ईशान्येकडच्या कुर्द, अरब आणि सिरियाक ख्रिस्ती लोकांनी मिळून आपला कारभार आपणच चालवायला घेतला, आणि माझी डॉक्टर लेक तिथल्या मुलींना सुईणीचं काम शिकवते. काकूंना त्यातलं सुईण तेवढं कळलं. एवढं शिकून हे, असा चेहरा केला. राग आला, पण तीन वर्षांपूर्वी माझाही चेहरा तसाच होता. तुला सोडायला एअरपोर्टवर आले नाही मी. त्याची अजून लाज वाटते.

माझं मन वळलं ते तुझ्या एका तक्रारीमुळे. दवाखान्याला शाळेची खोली मिळायची होती. तुमच्या समितीला अध्यक्ष दोन, एक बाई आणि एक पुरुष, आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय कागद हलत नाही. पुरुषाची सही झाली होती, दुसऱ्या अध्यक्ष हदलाबाई कापसाच्या शेतात होत्या. तुम्ही सगळे त्यांची वाट बघत बसलात आणि तू वैतागून मेसेज केलास, ‘आई, एका सहीसाठी तीन तास वेस्ट झाले यार.’ मी आधी हसले. मग भाजी चिरता चिरता आठवत गेलं. घराचं कर्ज, नागपूर सोडून इकडे अमेरिकेत येणं, तुझी शाळा. अडतीस वर्षं बाबा बोट ठेवतील तिथे मी सही करत आले. बाबा वाईट नाहीत गं. तुमच्या गावाचं हवामान दिवसातून दहा वेळा बघतात.

तुझ्या अकरा मुलींची परीक्षा एप्रिलमध्ये आहे. अरब आणि कुर्द घरांनी आपल्या मुली एका बाकावर बसवायलाच वर्ष घेतलं, असं तूच लिहिलं होतंस. आता तू उठलीस तर तो वर्ग मोडेल.

आता खरं सांगते. बाबांनी तुला केलेल्या मेलमध्ये होतं, आईच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, तू परत यावंस अशी आम्हा दोघांची इच्छा आहे. खाली ‘आई-बाबा’. ऑपरेशन खरं आहे. झडप बदलायची आहे, चोवीस तारखेला. भीती वाटते, आणि तू जवळ हवीस असंही वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्या मेलवर माझं नाव मला न विचारता घातलं होतं. काल बाबांना मी एवढंच म्हटलं, “माझी सही नाही, म्हणजे निर्णय झालेला नाही.” आज हे पत्र इथवर लिहून त्यांच्यापुढे ठेवलं, खाली त्यांच्या सहीला जागा सोडली. ती अजून रिकामीच आहे. म्हणजे ‘परत ये’वर एकच सही आणि ‘राहा’वरही एकच. तुमच्या नियमाने दोन्ही कागद अडले. तेव्हा तू आहेस तिथेच राहा. मुली पास झाल्या की ये. मी असेन.

तुझीच, स्वतःच्या हाताने सही करणारी,
आई
रत्ना टेंबे