नर्सव्वाच्या वहीतल्या दहा ओळी

६ जाने., सोम.

सकाळी लिफ्टजवळ नवा कागद चिकटवलेला. "बाई लोकांनी मागची लिफ्ट वापरावी. कमिटीच्या आदेशावरून."

चौतीस वर्षं भिवंडीतल्या मराठी शाळेत मी भोईर बाई होते. वर्गात पाऊल टाकलं की साठ पोरं उभी राहायची. रिटायर होऊन काल्हेरला मुलाच्या फ्लॅटवर आले, तर इथे त्याच शब्दाचा अर्थ कामवाली, आणि तिला मागची लिफ्ट. कागद अर्धा फाडला. सूनबाई म्हणाली, आई, कॅमेरा आहे तिथे. मग तोंड नीट दिसेल असं वर करून उरलेला फाडला.

दुपारी जुन्या शाळेत बायकांचा साक्षरता वर्ग घेते. २ ते ४, सोम ते गुरु. अंजूर फाट्यावर रिक्षा अर्धा तास अडकलेली, तेवढा वेळ डोकं नुसतं तापत होतं.

७ जाने., मंगळ.

धडा बाजूला ठेवला. सगळ्याजणींना विचारलं, तुमच्या घरच्या बोलीत बाई म्हणजे काय?

महादेवी कलबुर्गीची. तिच्याकडे बाई म्हणजे तोंड. सुमती ओडिशाची, तिच्याकडे वेडी. सांगताना हसू आवरेना तिला. म्हणजे गेले चार महिने ही रोज मला... असो. गीता राजस्थानची, तिकडे लेकीला, बहिणीला बाई. शबानाने ओढणीत तोंड लपवलं, मग बेबीच्या कानात काहीतरी सांगितलं. बेबी आमच्या खारबावची, तिला कसली लाज. मोठ्याने म्हणाली, "बाई, हिच्याकडं कोठ्यावर नाचनारीला म्हनतात."

आधी त्याचा राग आला. मग राग आल्याचा राग आला. नाचणारीने माझं काय घोडं मारलंय? आणि तोंड अन् वेडी तर मला चपखल बसतात, सूनबाईला विचारा.

सांगितलं, घरून एकेक ओळ लिहून आणा. आपापला अर्थ. यात चूक-बरोबर काही नाही. (हे मीच म्हणाले. स्पष्ट आठवतंय.)

नर्सव्वा आज नव्हती.

८ जाने., बुध.

नर्सव्वा आली. काल दिवसपाळीला तिच्या जागी कोणी आलं नाही म्हणून सोडलं नाही म्हणे. कांडी भरते. रात्रभर मशीनवर लूमसाठी सूत गुंडाळायचं, सुताचं तूस नाकातोंडात. चाळिशीची आहे, खोकते साठीच्या म्हातारीसारखी.

२० तारखेला काल्हेरच्या एका गोदामात पॅकिंगसाठी भरती आहे. सुपरवायझरसमोर बसून अर्ज स्वतःच्या हाताने भरायचा, पत्ते वाचून दाखवायचे. अंगठा चालत नाही. सप्टेंबरात ही अंगठावालीच होती. आता नाव, गाव, पत्ता लिहिते, सावकाश, पण लिहिते. ही नोकरी तिला हवी आहे आणि मला तिच्याहून जास्त हवी आहे. त्या तुसातून सुटली पाहिजे.

ओळीचं तिला बेबीने समजावलं. मी फळ्यावर अर्जाचा नमुना काढत होते.

१० जाने., शुक्र.

काल वह्या घरी आणल्या. आज तपासल्या. लाल पेन हातात नसलं तर मला वाचताच येत नाही.

बाकीच्या बऱ्या. नर्सव्वाने लिहिलंय, "बाई म्हणजे विहीर." या आठवड्याच्या धड्यात विहीर आहे, तिथून उचललं असणार. मंगळवारी गैरहजर, बेबीने काय अर्धवट सांगितलं देव जाणे. दहा दिवस राहिलेत आणि हे असं. अर्जात नावाच्या जागी गाव लिहून येईल. फुली मारली. खाली लिहिलं: बाई म्हणजे स्त्री. दहा वेळा लिहा.

बीपीची गोळी विसरले.

१३ जाने., सोम.

वह्या वाटल्या. नर्सव्वाने उघडली, पाहिली, मिटली. पूर्ण दोन तास एक प्रश्न नाही. अर्ज एकदा भरून घेतला, दोनच चुका. पेन फार दाबते.

१५ जाने., बुध.

काल संक्रांतीची सुट्टी. आज ती आली नाही. फोन उचलत नाही. पाच दिवसांवर भरती आणि ही घरी बसली. गरज कोणाला आहे, तिला की मला? सगळ्या वर्गावर चिडचिड केली. महादेवीने आणलेला तिळगूळसुद्धा नीट घेतला नाही.

१६ जाने., गुरु.

बेबी तिची वही घेऊन आली. "बाई, ती न्हाय येनार आता. म्हनते, आपल्याला जमनार न्हाय. हे तेवढं पुरं केलंय, बाईंना दे म्हनाली."

दहा ओळी. बाई म्हणजे स्त्री, बाई म्हणजे स्त्री. पहिल्या दोन वाकड्या आहेत. दहाव्या ओळीतला 'स्त्री' तर मलाही इतका नीट येत नाही.

वर्ग सुटल्यावर यल्लय्या शिपाई खोली बंद करायला आला. वही टेबलावर उघडी होती. तो तेलंगणाचा, नर्सव्वाच्याच बाजूचा. त्याने मान तिरकी करून वाचलं आणि विचारलं, "बाई, ये गलत किसने किया? आमच्यात विहिरीला बायीच म्हणतात. शेतावर चाललो म्हणायचं तर बायीकाडा चाललो म्हणतात."

मी केलं, म्हटलं. तो खिडक्या लावायला लागला.

वीस वर्षं हा माणूस मला बाई म्हणतोय. मी कधी विचारलं नाही.

लिफ्टवरचा कागद फाडताना केवढा जोर आला होता हाताला. आणि चाळीस वर्षांच्या बाईला, जी बारा तास उभी राहून येते, तिला दहा वेळा लिहा. मास्तरकी कातडीत मुरली आहे माझ्या. कमिटीवाल्यांना निदान ठाऊक तरी आहे की ते हलकट आहेत. मी वर उपकार केल्याच्या थाटात...

१७ जाने., शुक्र.

शुक्रवारी लूम बंद, म्हणून घरी सापडली. चाळीच्या नळावर चादरी धूत होती. नवरा आत झोपलेला. मला बघून हात पुसले, खुर्ची शेजारून मागून आणली, चहा टाकला.

मी वही काढली. म्हटलं, ही फुली माझी चूक आहे, तुझं बरोबर होतं. तिने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुम टीचर है ना. तुम बोले तो सहीच होंगा."

मी म्हटलं, अगं, तुझी आई विहिरीला काय म्हणायची? बायी, म्हणाली. मग?

"अम्मा स्कूल नहीं गई थी."

इतक्या सहज म्हणाली. माझ्या एका फुलीने हिची आईसुद्धा चुकीची ठरली, आणि ते हिला पटलंही.

पुढचं लिहायला लाज वाटते. मी ओरडले. माफी मागायला गेले आणि तिच्याच दारात तिच्यावर ओरडले, की मी चुकले म्हणतेय तर ऐकत का नाहीस. नवरा उठून बसला. शेजारणी बाहेर आल्या. नर्सव्वा घाबरून हो हो म्हणत राहिली. चहा तसाच राहिला.

निघताना विचारलं, सोमवारी जाशील ना गोदामावर? "देखती."

१८ जाने., शनि.

फोन तीन वेळा केला. बंद. अर्जाचा कोरा नमुना आणि नवं पेन बेबीच्या हाती पाठवलं. चिठ्ठी लिहायला बसले, चार ओळी लिहिल्या, त्यात दोन सूचना होत्या. फाडली.

२० जाने., सोम.

गोदामाच्या गेटवर साडेआठपासून उभी. पन्नासेक बायका रांगेत, मागे ट्रकांचे हॉर्न. नऊला गेट उघडलं. ती नाही. सव्वानऊ, नाही. वॉचमनला सांगत होते की एक बाकी आहे, जरा थांबा, तो ऐकेना, तर त्याच्याशी भांडले, तेव्हा थांबला.

साडेनऊला रिक्षातून उतरली. ठेवणीतली साडी, केसांना तेल, मुठीत पेन. मी पाठवलेलं नव्हे, तिचं जुनंच. मला पाहून थांबली आणि दोन्ही हात जोडले.

"नमस्ते, मॅडम."

सप्टेंबरपासून रोज बाई म्हणत होती.

अगं, मला मॅडम काय म्हणतेस, हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. परत एकदा तिचा शब्द सुधारायला मी कोण? नीट लिही, एवढंही म्हणाले नाही. ती गेली आत. वॉचमनने गेट ओढून घेतलं.

बारापर्यंत थांबले. आत गेलेल्या पाच-सहा जणी परत आल्या, रडवेल्या. त्यांत ती नव्हती.

दुपारी वर्ग. बेबी म्हणाली, अजून घरी न्हाय आली. हजेरी घेतली. नर्सव्वाच्या नावापुढे पेन टेकवलं आणि काही न लिहिता पुढच्या नावावर गेले.