बापाची रजा

प्रिय खैरुन्निसा,

तुला सलाम, दोन्ही लेकरांना दुआ.

मी मजेत आहे. बाळ झाल्यावर कंपनीनं तीन दिवसांची पगारी रजा दिली. सौदीचा कायदाच आहे तसा, बापासाठीही. पण तेवढ्यात तबूकहून गावी येऊन परतणं कुठलं जमायला? कॅम्पातच राहिलो.

थोरली इफरा जन्मली तेव्हा मी तिच्या कानात अजान दिली, तर दाढीच्या गुदगुल्यांनी ती शिंकली होती, आठवतं? परवा अब्बांनी फोन धाकट्याच्या कानाशी धरला आणि मी इकडून अजान दिली. आवाज चढला असावा. खोलीतला यूनुस झोपेतून उठला आणि नळावर हातपाय धुऊन, वजू करून नमाजाला उभा राहिला! सगळे हसले, मीही.

तुझे टाके सुकले ना?

बाळ काही शिंकलं नसेल. फोनला कुठली दाढी?

तुझा,
शारीक