कोऱ्या बाईची पिशवी

आत्याबाई, मी बोलते आहे आणि तुमची पणती लिहिते आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, तेव्हा हे पत्र आपल्या दोघींपैकी कोणाच्याच कामाचं नाही. पण ही पोर म्हणाली, आजी, सकाळपासून तू घरभर फिरतेस, गॅसपाशी जातेस, काही न करता परत येतेस, सारखे असलेले पडदे पुन्हा सारखे करतेस. त्यापेक्षा कोणाला तरी पत्र सांग, मी लिहिते. जिवंत माणसांत कोणी आठवेना, ते सगळे फोनवर भेटतात. म्हणून गेलेल्या सासूला, तुम्हाला. एक मात्र आधी सांगून ठेवते. मी ‘लय’ म्हटलं की ही ‘खूप’ लिहिते, आणि विचारलं तर म्हणते, ‘पत्रात तसंच असतं.’ तेव्हा यात जे जे शुद्ध वाटेल ते हिचं समजा, बाकीचं माझं.

जीव थाऱ्यावर नाही त्याचं कारण, उद्या दसरा. हिने बाजारातून लाकडी चौकटीची पाटी आणली आहे. कुठून मिळवली कोण जाणे, हल्ली पोरंसुद्धा पाटीवर लिहीत नाहीत. उद्या तिच्यावर सरस्वती काढायची आणि खाली आजीने पहिलं अक्षर गिरवायचं, असा हुकूम सुटला आहे. हिच्या आईचंही तेच. काल जेवताना सून म्हणाली, ‘आई, आता तर काही अडचण नाही ना?’ मी भात कालवत राहिले, इतका कालवला की त्याची खीर झाली. अडचण काय होती ते तुम्हाला माहीत नाही, ती तुमच्या माघारची गोष्ट. सून आली, तिने घरात धंदा काढला, आणि त्या धंद्यात मी नोकरीला लागले. हसू नका.

सून घोटीची, तिच्या माहेरी भाताची गिरणी. बी.कॉम. झालेली. लग्न होऊन आली तेव्हा इथेच नाशिक रोडला एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात काउंटरवर बसून बिलं करायची. मग ही पोर झाली आणि नोकरी सुटायची वेळ आली. तेव्हा डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, बिलं घरी ने, घरी कर, कुठे बसून केलीस याच्याशी मला काय करायचंय? तुमच्या वेळी दवाखान्याचं बिल म्हणजे डॉक्टरने तोंडाने सांगायचं आणि माणसाने तोंडानेच कमी करून घ्यायचं. आता विमा आला आहे. दुखतं एकाला, पैसे भरते कंपनी, आणि कंपनी कुठेतरी लांब बसून विचारते, का दुखलं, कधीपासून दुखलं, आधी कधी दुखलं होतं का, खोलीचे किती, सुईचे किती. माणूस बरा झाला का, एवढंच तेवढं कोणी विचारत नाही. ही सगळी उत्तरं जुळवायची, टाइप करायची, कागद ओळीने लावून कंपनीला धाडायचे, हा सुनेचा धंदा. त्यासाठी कोणाचा तरी जुना कॉम्प्युटर घेतला आणि तुमच्या पलंगाच्या जागी मांडला. पहिल्या लक्ष्मीपूजनाला मला प्रश्न पडला, धंदा आहे पण वही नाही, मग पूजा कशाची? मी कॉम्प्युटरलाच हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि त्या बटणांच्या फटींत गेल्या. सून किंचाळली, ‘आई, तो देव नाहीये!’ मी म्हटलं, ‘पोट भरतो ना? मग?’ दुरुस्तीवाल्याने उपडा करून झटकला तेव्हा मूठभर तांदूळ पडले.

कंपनीला एखादा कागद कमी वाटला की ती काम अडवून ठेवते आणि उलट विचारणा करते. त्याला क्वेरी म्हणतात. सून कपाळाला हात लावून म्हणायची, ‘क्वेरी आली.’ मला ऐकू यायचं, ‘कोरी आली.’ मी म्हटलं, ‘कोरी आली तर बरंच की. दे इकडे, वाण्याची यादी करू.’ तेव्हापासून घरात कोरी हाच शब्द रुजला. तो डॉक्टरीणबाईंच्या कानावर गेला आणि मी दवाखान्याची पायरी चढले की त्या हसून म्हणायच्या, ‘आल्या आमच्या कोऱ्या बाई.’

कारण कागद आणायचं-पोचवायचं काम माझं होतं. सुनेच्या मांडीवर लेकरू. तुमचा मुलगा प्रेसमध्ये, दिवसभर नोटा छापायच्या आणि गेटवर झडती देऊन रिकाम्या खिशाने घरी यायचं. मी म्हटलं, मी जाते. तुमचं दवाखान्यातलं आयाचं काम सुटलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तुम्हाला रेक्झिनची चेनवाली पिशवी दिली होती. ‘मला कुठे मिरवायचंय,’ म्हणत तुम्ही ती माझ्या हातात ठेवलीत. तुम्ही मला आपणहून दिलेली तेवढीच एक वस्तू, म्हणून मी जपून ठेवली होती. तीच काढली. बसने जायचं, कागद भरायचे, चेन ओढायची, परत यायचं. जरा रुळल्यावर कळलं की ही नोकरी मला का मिळाली. डॉक्टरीणबाई सुनेला म्हणाल्या होत्या, ‘बायकांची दुखणी आहेत ती. वाचणारी तू एक आहेस तेवढी पुरे. नेणारी न वाचणारीच असू दे.’ आत्याबाई, सगळ्या जन्मात माझ्या अडाणीपणाला पहिल्यांदा भाव आला! अर्ज नाही, परीक्षा नाही, काही येत नाही एवढीच पात्रता. तुमचा मुलगा म्हणाला, ‘आपलं दोघांचं सारखंच. मी छापतो ते खिशात घालायचं नाही, तू नेतेस ते तुला कळायचं नाही.’

तोंडाचं मात्र माझं शिक्षण झालेलं होतं, ते तुमच्याकडे. मी नवी नवरी. नळावरून हंडा घेऊन येते आणि उत्साहाने सांगते की शेजारच्या सुनेचं राहिलेलं पोट पडलं. तुम्ही भाकरी थापता थापता थांबता. ‘हे तू नळावर बोललीस?’ ‘सगळ्याच बोलत होत्या.’ ‘काल दवाखान्यात त्या पोरीचे कपडे मी धुतले. मी बोलले?’ आणि तव्यावरची भाकरी करपून धूर होईपर्यंत तुम्ही माझ्याकडे बघत राहता. एक थोबाडीत दिली असतीत तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते.

तर एकदा डॉक्टरीणबाईंच्या बाकावर आमच्याच कॉलनीतली, समोरच्या इमारतीतली एक सून बसलेली. कुठल्याशा कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होती, विमा तिचा स्वतःचा. एकटीच आलेली. मला बघून उठायला गेली आणि पर्स पडली. ‘मावशी, तुम्ही इथे?’ मी म्हटलं, ‘फायली न्यायला आले.’ तिने पिशवीकडे पाहिलं. ‘सगळ्यांच्या फायली तुमच्याकडे येतात?’ ‘येतात.’ ‘मग तुम्ही...’ मी म्हटलं, ‘अगं बाई, मला बसची पाटी वाचता येत नाही. परवा देवळालीची म्हणून बसले, ती सिन्नरच्या रस्त्याला लागली.’ ती हसली, पण डोळे भरलेले, आणि माझा हात धरून बसली तो तिला आत बोलावेपर्यंत सोडला नाही. तिला काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही. सुनेला माहीत असणार. ती सांगत नाही, मी विचारत नाही.

पुढे ही पोर बालवाडीत जायला लागली आणि कॉलनीच्या समाजमंदिरात दुपारचे साक्षरतेचे वर्ग निघाले. सुनेनेच माझं नाव घातलं. शिकवणारी कॉलेजातली मुलगी, गोड. म्हणायची, ‘मावशी, पाटीवर पोळी लाटू नका, पेन्सिल हलकी धरा.’ मी म्हणायचे, ‘हा साधा श आणि हा पोटफोड्या ष, दोघांचं काम एकच ना? मग दुसऱ्याला पगार कशाला?’ बाया हसून लोळायच्या. आणि एक दिवस दूध केंद्रावर ती समोरच्या इमारतीतली भेटते. ‘मावशी, वर्गाला जाता म्हणे?’ ‘जाते की.’ ‘छान.’ मग सुटे पैसे मोजल्यासारखं करत विचारते, ‘कुठपर्यंत आलंय?’ आवाज साधा, पण नजर माझ्या पिशवीवर. पिशवीत तेव्हा दूध होतं.

तिच्यासारख्या आणखीही असणार, कारण थोड्याच दिवसांत डॉक्टरीणबाईंनी सुनेला बोलावून घेतलं. म्हणाल्या, ‘सासूबाई शिकतायत, मला आनंदच आहे. पण माझे पेशंट बिचकायला लागलेत. यापुढे कागद बाहेर नको, तू इथेच काउंटरवर येऊन कर.’ म्हणजे घरचा धंदा बंद. एव्हाना आणखी काही दवाखान्यांची कामं यायला लागली होती, पण तीही डॉक्टरीणबाईंच्या शब्दावरच. सून घरी आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘आई, तुम्ही वर्ग सोडायचा नाही. फायली मी स्वतः आणीन, बाईंना मी समजावते.’

‘आणि पोरीला बालवाडीतून कोण आणणार? कॉम्प्युटर?’

ती हसली नाही. ‘माझ्या धंद्यापायी तुम्ही अडाणी राहिलात, असं मला नकोय,’ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ‘वर्ग सोडला बाई! माझ्या डोक्यात काही शिरत नाही. ग काढायला जाते तर म होतो. दगड आहे नुसता.’ सगळ्या हसल्या. कोणी म्हणालं, ‘या वयात हवंय कशाला, मावशी?’ समोरच्या इमारतीतली ती रांगेत माझ्या पुढे उभी होती. वळली नाही, पण तिचे खांदे खाली आले. जाताना माझ्या हातातलं दूध तिने काढून घेतलं आणि आमच्या दारापर्यंत आणून दिलं.

धंदा राहिला. वाढलाही. आता हॉलमध्ये दोन टेबलं आहेत, दोन मुली कामाला येतात, आणि माझी कॉट गॅलरीत गेली आहे. सून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, ‘आमच्या आईंनी माझ्यासाठी अक्षर सोडलं.’ सांगताना ती डोळे पुसते. मी पदर डोळ्यांपाशी नेते, म्हणजे मला तोंड लपवता येतं. पिशवीची आता गरज नाही. दवाखान्यातच कागद मशीनवर पालथा घालतात आणि तो इथल्या पडद्यावर उगवतो. मध्ये कोणी माणूसच नाही, तेव्हा भ्यायचं कोणाला? मी मोकळी झाले. फक्त दुपारची बसची वेळ झाली की पाय चपला शोधतात. चार वेळा जिन्यापर्यंत जाऊन येते. सून म्हणते आता अडचण नाही. नाहीच. तेच मला सोसवत नाही.

पाठवायचं तर नाहीच आहे हे, म्हणून सांगते. दुधाच्या रांगेत मी बोलले ते सगळ्यांना नाटक वाटलं. घरच्यांना तर नक्कीच. आत्याबाई, ते नाटक नव्हतं. खरंच शिरत नव्हतं. बरोबरीच्या बाया आपापली नावं लिहायला लागल्या होत्या आणि माझी पाटी पुसून पुसून ओलीच. ती गोड मुलगी माझ्यापाशी आली की ‘होईल, मावशी, होईल’ म्हणायला लागली होती. दवाखान्यात इतकी बसलेय मी, ‘होईल’ कोणत्या पेशंटला म्हणतात ते मला कळतं. मी विनोद करत होते ते त्याचसाठी, म्हणजे कोणी पाटीकडे बघू नये. डॉक्टरीणबाईंचा निरोप आला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. सुटले, असं वाटलं. समोरच्या इमारतीतल्या त्या बिचारीच्या पाठीमागे मी इतकी वर्षं लपून उभी आहे, आणि उद्या पाटी पुढे आली की मध्ये कोणीही असणार नाही.

आता मी हिला म्हटलं, हे शेवटचं लिहू नकोस हं, तुझ्या आईच्या हाती लागेल. ती म्हणाली, ‘नाही लिहिलं, आजी.’ मी म्हटलं, दाखव. तिने वही माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, ‘मग वाच.’

मी तिला चष्मा आणायला सांगितलं.