माझ्या दुनळी बंदुकीबाबत

मी, उल्का निशिकांत भोयर, वय सदुसष्ट, निवृत्त वनपरिक्षेत्र अधिकारी, मूळची चंद्रपूरची, हल्ली राहणार लेकीकडे, यिशुन, सिंगापूर, हे मृत्युपत्र समजून-उमजून करत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे आणि रक्तदाबाची गोळी मी कोणी आठवण करून न देता घेते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर चालला नसता. मी सांगते आहे आणि माझी मुलगी भार्गवी टाइप करते आहे.

१. चंद्रपूरचे घर आणि बँकेतील ठेवी माझ्या एकुलत्या मुलीला, भार्गवीला. घरातला सागवानी पलंग तिने विकू नये. वनखात्यातल्या बाईच्या घरी सागवान दिसले की लोक भुवया उंचावतात, म्हणून लिहून ठेवते की ते लाकूड लिलावात रीतसर घेतले आहे.

२. दुर्बीण जावई क्षितिज यांना. यिशुनच्या तळ्याकाठी दिसणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला ते गरुड म्हणतात. दुर्बिणीने फरक पडेल अशी आशा आहे.

३. आता मुद्द्याचे. माझी बारा बोरची दुनळी बंदूक चंद्रपूरला परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा आहे. ती इथे आणता येत नाही. सिंगापूरच्या कायद्यात तिला जागा नाही आणि तो कायदा मला पसंत आहे. दर हिवाळ्यात मी जाऊन तिला तेलपाणी करून येते.

ही बंदूक मला नोकरीत मिळाली, आणि निवृत्तीनंतर मी ती विकत घेतली. जी बंदूक आयुष्यभर खांद्यावर वागवली ती भंगारात जाणार हे आम्हा काही निवृत्तांना सहन होईना. बाद झालेले शस्त्र ते वापरणाऱ्यालाच विकत द्यावे, म्हणून आम्ही अर्ज करत राहिलो. मंत्रालयात एका बाबूने विचारले, "मॅडम, या वयात बंदूक घेऊन करणार काय?" मी म्हटले, "पुसणार." शेवटी परवानगी आली आणि आमच्या विभागात खरेदीच्या कागदावर पहिली सही माझी झाली. त्या दिवशी मी ऑफिसातून बाहेर पडले ती ताठ मानेने, आणि ती मान अजून खाली आलेली नाही.

४. माझे तेव्हाचे वरिष्ठ श्री. विश्वास यांना ही बंदूक देऊ नये. पाहायलाही देऊ नये. मी रुजू झाले तेव्हा ते म्हणाले होते, "बाई, बंदूक कपाटात राहू द्या, तुम्ही कागद सांभाळा." आता त्यांना ती फार्महाउसच्या भिंतीवर हवी आहे.

५. बंदूक मी नोकरीत एकदाच झाडली. ही हकिकत घरी कधी सांगितली नव्हती, कारण त्या वर्षी भार्गवीची दहावी होती. एका वाघिणीने गावातला बैल मारला होता आणि ती दोन पिल्लांसह शेताच्या रस्त्याखालच्या मोरीत अडकली होती. काठ्या, कुऱ्हाडी घेऊन सगळा गाव जमला. माझ्याबरोबर एकटी शिवांगी होती, नुकतीच लागलेली वनरक्षक. मी मोरीपुढे जाऊन उभी राहिले आणि एक बार हवेत काढला. लोक थबकले. बैलाच्या भरपाईचा पंचनामा तिथेच, बांधावर बसून, शिवांगीने लिहिला. लोक पांगले तशी वाघीण पिल्लांना घेऊन नाल्याने निघून गेली.

इथे भार्गवीचे टाइपिंग थांबले. तिने विचारले, "आई, तुझं तोंड कुणीकडे होतं?"

"माणसांकडे."

"म्हणजे पाठ वाघिणीकडे?"

"कुऱ्हाडी माणसांच्या हातात होत्या. वाघिणीकडे कशाला बघत बसू?"

त्या एका काडतुसाबद्दल श्री. विश्वास यांनी मला कारणे दाखवा नोटीस काढली होती. तिचे उत्तर मी एका ओळीत दिले: काडतूस एक गेले, जीव तीन राहिले.

६. बंदूक शिवांगीला द्यावी.

वरील कलम रद्द. काल शिवांगीला फोन केला. ती आज माझ्याच खुर्चीवर वनपरिक्षेत्र अधिकारी आहे. ती म्हणाली, "मॅडम, राग मानू नका, मला तुमची नको. मी रिटायर होईन तेव्हा माझी स्वतःची विकत घेणार." मला राग आला नाही. इतका आनंद मला स्वतःची बंदूक हातात आली तेव्हाही झाला नव्हता.

७. म्हणून बंदूक कायद्याप्रमाणे कायमची निकामी करून वनरक्षकांच्या प्रशिक्षण शाळेत लावावी. खाली पाटी असावी: "उ. नि. भोयर यांनी विकत घेतलेली सेवेतील बंदूक. जनावरावर कधीही झाडली नाही." पाटीवर "भेट" हा शब्द नको. फुकटात मिळालेली वस्तू नाही ती.

८. बंदुकीचा चामडी पट्टा इथे माझ्याजवळ आहे, तो नात जाईला. रेंज ऑफिसात दसऱ्याला आम्ही सगळ्या बंदुका मांडून पूजा करायचो. इथे मी पट्टा पाटावर ठेवते. पहिल्या वर्षी पाट रिकामा दिसेल म्हणून क्षितिज यांनी पोपटी रंगाची पाण्याची पिचकारी आणून ठेवली. मी तिलाही हळदकुंकू वाहिले, आणि आत जाऊन डोळे पुसले. ती पिचकारी त्यांना परत. जाईने तेव्हा विचारले, "आज्जी, you never shoot anything, then why so proud ah?" पट्टा खांद्याला लावून चालून बघ, जाई. कळेल.

९. एकच काळजी आहे. माझ्यामागे कोणी अर्ज केला नाही तर बंदूक सरकारी गोदामातून भंगारात जाईल. ही कामे मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून भार्गवीने करावीत अशी इच्छा आहे. ती आजवर म्हणत आली आहे, "आई, ती बंदूक सरकारजमा करून टाक. मी तिच्यासाठी चंद्रपूरच्या ठाण्यात खेटे घालणार नाही." लहानपणी तिने आई कमी आणि बंदुकीची रिकामी खुंटी जास्त पाहिली. मी तिला सक्ती करत नाही. खालची जागा तिच्यासाठी कोरी सोडते.

हे सर्व वाचून, पडताळून, दोन्ही साक्षीदारांसमोर मी आज सही केली.

उल्का निशिकांत भोयर
यिशुन, सिंगापूर
विजयादशमी, २ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार:
उन्मेष गोखले, विद्यापीठात संशोधक, राहणार बिशान
मालती राजूरकर, राहणार वुडलँड्स

व्यवस्थापकाची संमती:
मी, भार्गवी, हे काम स्वीकारते. बंदूक विक्रेत्याकडून ताब्यात घ्यायला मी स्वतः चंद्रपूरला जाईन आणि पाटी माझ्या हाताने लावीन. पाटीच्या मजकुरात मात्र मी आईला न विचारता एक ओळ वाढवणार आहे. तिची पाठ कोणाकडे होती, ते तिथे लिहिलेले असेल.