झाकून ठेवलेलं अंथरूण

प्रिय रात्रपाळी,

हसू नकोस. इतक्या वर्षांनी तुला पत्र लिहायला बसले आणि तुझं खरं नाव लिहायला हातच धजेना. ज्या नावाने तुला कधी हाक मारली नाही, त्या नावाने सुरुवात तरी कशी करू? तू रात्रपाळी आणि मी दिवसपाळी. घरमालकिणीने ठेवलेली नावं ती, तिच्या कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर तीही वाजत राहिली. कुलूपबाई गेली म्हणे. देव तिला वर ऐसपैस खाट देवो, आपल्याला काही तिने दिली नाही.

माझं म्हणशील तर बरं आहे. गुडघे कुरकुरतात, केस पिकले, जीभ मात्र अजून तशीच, तिला काही धाड भरलेली नाही. बाहेरगावाहून कामाला येणाऱ्या बायकांना परवडणाऱ्या भाड्यात जागा देणारी आमची संस्था आता चार मजल्यांची झाली आणि मी तिची प्रमुख. सगळ्या मला मोठ्या बाई म्हणतात. मोठं होण्याचा तोटा काय, तो ऐक. दुसऱ्या मजल्यावर सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर आहे. संध्याकाळी तिथे नुसता कल्ला असतो, कुणाच्या मुकादमाची नक्कल, कुणाच्या नवऱ्याच्या फोनची चेष्टा. जिना चढताना मला सगळं ऐकू येतं. दारात पाऊल टाकलं की चिडीचूप. एक जण गॅस पुसायला लागते, दुसरी वाहता नळ बंद करते, तिसरी खुर्ची पुसून म्हणते, बसा ना बाई. आता पुसून दिलेल्या खुर्चीवर बसून कुणी गप्पा मारतं का गं? मी आपली नळ गळत नाही ना, एवढं विचारते आणि खाली येते. मग ऑफिसातल्या फायली बाजूला सारून तिथेच जेवते, आणि वरचा कल्ला पुन्हा सुरू झालेला ऐकत बसते.

तर काल आमच्या समितीची बैठक होती. एका खाटेवर दोन बायका, एक दिवसा आणि एक रात्री, असं आमच्याकडे सुरू करायचं की नाही, ते काल ठरायचं होतं. मी मनाशी पक्कं केलं होतं, हो म्हणाले तर किल्ल्या टेबलावर ठेवायच्या आणि चालू पडायचं. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं, कारण या इमारतीतल्या खोलीखेरीज मला घर नाही. लोकांना घरं देता देता स्वतःचं राहूनच गेलं, लग्न राहून गेलं तसंच. बैठकीत काय झालं ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, तुझा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे.

ही कल्पना आमच्या खजिनदारांची. बँकेतून निवृत्त झालेले, सरळ माणूस. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. फाटकाबाहेर रोज बायका येऊन विचारतात, जागा आहे का. नाही म्हटलं की पिशवी उचलून बसस्थानकाकडे जातात, तिथल्या बाकांवर रात्र काढतात. आणि आमच्या वरच्या मजल्यांवर दिवसभर खाटा रिकाम्या. दुप्पट बायकांची सोय होईल, देणगीदारही खूश होतील. मला म्हणाले, बाई, तुम्ही स्वतः अशाच खाटेवरून वर आलात ना? प्रत्येक भाषणात मीच सांगत आले आहे की एका खाटेवर आम्ही दोघी पाळीपाळीने झोपायचो. त्या वाक्याला लोक डोळे पुसतात. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, आमचं अंथरूण पाहिलं की पायच आखडायचे, असं म्हटलं की हसतातही. मग चेकबुकं निघतात.

पण भाषणात मी अर्धंच सांगते. उरलेलं अर्धं फक्त तुला माहीत. सकाळी मी कॉलर शिवायला कारखान्यात निघायचे तेव्हा तू इस्पितळाच्या धुणीघरातून यायचीस, अंगाला साबणाचा वास आणि बोटं पाण्याने सुरकुतलेली. दारात दोन शब्द. नळाला पाणी आहे. डब्यात ठेवलंय, खाऊन घे. कुलूपबाई आज तापलीय, जपून. बस्स, एवढंच. पण थंडीत मी उठल्यावर अंथरूण कधी आवरलं नाही. घोंगडी उशीपर्यंत ओढायची, पायाकडून दुमडून आत खोचायची, म्हणजे ऊब आत राहते. संध्याकाळी तूही तसंच करून जायचीस. कुलूपबाई ओरडायची, बाईच्या जातीला अंथरूण आवरायचं कळत नाही. तिला काय कळणार? दिवसभर सुईकडे बघून डोळे चुरचुरायला लागले की मी एवढंच मनात म्हणायचे, घरी गरम अंथरूण आहे. शेजारी झोपणारं माणूस मला आयुष्यात मिळालं नाही, पण माझी जागा गरम ठेवून जाणारं माणूस मिळालं होतं. हे देणगीदारांना सांगून काय कळणार? म्हणून सांगत नाही.

तू लग्न करून गेलीस आणि कुलूपबाईने खाटेवर दुसरी बाई आणली. वाईट नव्हती बिचारी. पण ती उठली की अंथरूण गुंडाळून भिंतीला उभं करून जायची. मी यायचे तेव्हा थंडगार. महिनाभर सोसलं. मग कारखान्यातल्या चौघींना गोळा केलं आणि एक मजला भाड्याने घेतला. संस्थेची सुरुवात कशी झाली असं वार्ताहर विचारतात तेव्हा मी महिलांचा सन्मान वगैरे काहीतरी सांगते. खरं तर मला त्या गार गादीचा राग आला होता. पुढे तू संसारात बुडालीस आणि मी समितीत. पत्रं विरळ झाली, मग थांबली. तुझा दोष नाही आणि माझाही नाही.

आता ऐक. गेल्या महिन्यात आमच्याकडे एक मुलगी राहायला आली, खोकी भरायच्या कारखान्यात लागली आहे. मजल्यावर देखरेख करणारी बाई, तिला सगळ्या शिस्तबाई म्हणतात, माझ्याकडे तक्रार घेऊन आली. म्हणे ती नवी मुलगी अंथरूण आवरत नाही, सांगून दमले. मी तावातावाने वर गेले. मुलगी कामावर गेली होती. खाटेवर बघते तर घोंगडी उशीपर्यंत ओढलेली आणि पायाकडून दुमडून आत खोचलेली. मी त्या खाटेवर मटकन बसले गं. शिस्तबाई घाबरली, पाणी आणायला धावली. संध्याकाळी मुलीला खाली बोलावलं. विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाली, मावशीने. मावशीच म्हणाली, शहरात गेलीस तर त्याच बाईंकडे राहा, दुसरीकडे पाऊल टाकू नकोस. निरोप काही दिला का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. वा गं वा! भाचीला पाठवलंस आणि दोन शब्द पाठवायला जीभ जड झाली? चार दिवस मी तुझ्यावर धुमसत होते.

मग तिला हळूहळू बोलतं केलं. रागावू नकोस तिच्यावर, मी वकिलासारखी खोदखोदून विचारत होते. तुझे यजमान गेल्याचं तिच्याकडून कळलं. मुलाचं घर लहान, मुलगा-सून वाईट नाहीत, पण जागाच नाही, तू बाहेरच्या खोलीत दाराशी घडीच्या खाटेवर झोपतेस. अजूनही झोप कमीच, सगळ्यांच्या आधी उठून खिडकीशी बसतेस. आणि उठलीस की अंथरूण झाकून ठेवतेस, पायाकडून खोचून. मग सून उठते आणि म्हणते, आई, आवरा ना आता, कुणी येणार आहे का? तेव्हा घडी घालतेस. मुलीने हे अगदी सहज सांगितलं, तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसावं. ती गेल्यावर मी ऑफिसचं दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. टेबलावर खजिनदारांच्या प्रस्तावाचे कागद होते, ते भिजू नयेत म्हणून बाजूला ठेवले, एवढं भान होतं.

आता बैठक. खजिनदार बोलले, समितीतल्या वकीलबाई बोलल्या, सगळ्यांच्या माना हलल्या. माझी पाळी आली. नेहमीचं भाषण तोंडावर आलं होतं, ते गिळलं. मी त्यांना तुझ्या तापाची गोष्ट सांगितली. आठवतं ना? मी कारखान्यातून आले तर तू अंथरुणात फणफणलेली आणि कुलूपबाई दारात उभी. म्हणे, दिवस हिचा, रात्र तुझी, आता रात्र लागली, हिने उठायचं. मी म्हटलं, मी खाली झोपते. तर म्हणाली, जमिनीचं भाडं वेगळं. शेवटी मी जिन्यात पायरीवर झोपले. आणि तू तापात आतून मला हाका मारत होतीस, ये गं, मी उठते, तुझी वेळ झाली. मी म्हटलं, आम्हा दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं म्हणून निभावलं. खाटेने निभावलं नाही. माणसाला आजारी पडायला स्वतःची जागा लागते. रडायला लागते. नुसतं काही न करता पडून राहायला लागते. ती अर्धी देता येत नाही. खजिनदारांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, माझा प्रस्ताव मी मागे घेतो.

मी जिंकले असं म्हणून श्वास सोडते तोच ते म्हणाले, पण बसस्थानकावरच्या बायकांचं काय? मग जिथे म्हणून दुसरी खाट मावते तिथे ती टाकायची. आणि बाई, सगळ्यात मोठी खोली तुमची आहे. दोन खिडक्यांची. घ्या! हात दाखवून अवलक्षण. मी तोऱ्यात म्हटलं, टाका की, मी कुठे नको म्हणते? आज सकाळी सुतार येऊन खाट टाकून गेला. माझ्या खोलीत, समोरच्या भिंतीला, खिडकीखाली. दिवसभर कामं सोडून मी तिच्याकडे बघतेय.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. आमच्याकडे खाट मिळते ती काम करणाऱ्या बाईलाच, नियम मीच केलेला आहे. आणि आमच्या दारावर रात्री बसणारी बाई काम सोडून गेली आहे. दुपारपाळीच्या मुली रात्री उशिरा येतात, त्यांना दार उघडायचं, आल्याची नोंद करायची, आणि जागं राहायचं. जागं राहण्यात तुझा हात धरणारं कुणी मला माहीत नाही. पगार बेताचा आहे, पण तो तुझा असेल. मेहेरबानी करतेय असं समजू नकोस, समितीला आज सकाळीच सांगितलं की माझ्या माहितीत एक अनुभवी बाई आहे. म्हणजे पुन्हा तेच, तू कामावरून येशील तेव्हा मी उठत असेन. फरक एवढाच की या वेळी मला कुठे पळायचं नसेल. चहा करीन आणि तू झोपेपर्यंत तुझ्या खाटेवर बसेन. मला फार एकटं वाटतं गं. चार मजले भरले आहेत माणसांनी, आणि माझ्याशी भांडायलासुद्धा कुणी नाही. उत्तर लिहीत बसू नकोस, भाची सुट्टीला तिकडे येतेय, तिच्याबरोबरच निघ. आणि उद्या अंथरूण झाकून ठेवलंस आणि सून म्हणाली, आई, कुणी येणार आहे का, तर तिला सांग, येणार कुणी नाही, मीच चालले आहे.

वाट बघणारी, तुझीच,
दिवसपाळी