ह्यांच्या पटाश्या

५ फेब्रुवारी ८४, रविवार
ह्यांनी आज सलग तीन शब्द म्हटले. "माझ्या पटाश्या कुठायत." अर्धांगाच्या झटक्यानंतर इस्पितळातून घरी आणल्यापासून "पाणी", "नको" आणि "अगं" यापलीकडे काही नव्हतं. मी मेथी निवडत होते. इतका आनंद झाला की विचारलंय काय, ते नंतर डोक्यात शिरलं. म्हटलं, "माळ्यावर ठेवल्यात."

माळ्यावर नाहीत. डिसेंबरात डॉ. मला बाजूला घेऊन म्हणाले की उजवा हात आता फारशी साथ देणार नाही. त्याच आठवड्यात मी त्या देऊन टाकल्या. तिन्ही. लाकडाची वाटी आतून कोरायच्या, पन्हळीसारख्या खोलगट पटाश्या. ह्यांनी जुन्या कानशी तापवून, ठोकून स्वतः केलेल्या. कंपनीतून दमून आले तरी संध्याकाळी गॅलरीत तासभर लेथवर, लाकूड फिरवून घडवायच्या मशीनवर, उभे राहायचे. लेथ जमिनीत बोल्ट मारून बसवलाय म्हणून तेवढा राहिला. त्यावर जुनी चादर टाकलीय.

ह्यांना विचारलं नव्हतं. तेव्हा ते बोलतच नव्हते, असं मी स्वतःला सांगते.

७ फेब्रु., मंगळ
ह्यांनी पुन्हा विचारलं. माळ्याकडे डाव्या हाताने बोट. "शिडी शेजारी गेलीय" म्हटलं. दुसरं खोटं.

८ फेब्रु., बुध
शाळा सुटल्यावर परस्पर दिवाळे गावात. वह्यांचा गठ्ठा काखेत तसाच. हिराजी होड्या दुरुस्त करतो, ह्यांना अधूनमधून लाकूड आणून द्यायचा. पटाश्या त्यालाच दिल्या होत्या. खाडीकाठी उलट्या होडीजवळ फळी तासत बसला होता. मला बघून उठला, हात धोतराला पुसले.

सांगितलं, परत हव्यात.

त्याने हातातली फळी खाली ठेवली. मग पेटीतून एक काढली. तोंड घासून सपाट केलेलं, होडीच्या कामाला लागतं तसं. दुसरी जावयाला दिलेली, जासईला. तिसरी मोडली. "पयल्याच दिसाला मोडली बाय. कडक लय होती. तुकडा कानाजवळून गेला." मग हळूच म्हणाला, "तुमी दिल्या म्हनून मी घेतल्या. भाऊंना इचारलं नव्हतं काय?"

नाही म्हटलं.

"ही न्या तुमी. पन ही आता भाऊंच्या कामाची नाय."

नेली नाही. सुकत टाकलेल्या बोंबलांच्या वासात बसची वाट बघत उभी राहिले. रडायला आलं, पण समोर बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या.

११ फेब्रु., शनि
सकाळची शाळा करून मुंबईला, नागदेवीला. घरी ह्यांच्याजवळ शेजारच्या कदमकाकू बसल्या. सगळी गल्लीच लोखंडाची. पाच दुकानं फिरले, "वाटी कोरायची पटाशी" म्हटलं की जो तो वेगळंच काही दाखवतो. सहाव्या दुकानात मखमलीच्या पेटीत तीन चकचकीत पटाश्या. इंग्लंडचा ठसा. म्हातारा दुकानदार म्हणाला, "ऐसा माल अब आता नहीं." मला काय कळतंय. ठसा बघितला, चकाकी बघितली, घेतल्या. आईची अंगठी मोडायला लागली नाही एवढंच.

येताना बसमध्ये मनाशी घोकत होते: "माळ्यावरच्या गंजल्या होत्या, घासून आणल्या." खाडीच्या पुलावर आल्यावर ते मलाच ऐकवेना.

१२ फेब्रु., रवि
सकाळी चहानंतर पेटी ह्यांच्या मांडीवर ठेवली. ह्यांनी उघडलीच नाही आधी, झाकणावरून हात फिरवला. मग एक पटाशी डाव्या हातात घेऊन उलटीपालटी केली. माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. वर्गात उत्तर येत नसलेल्या मुलाकडे मी बघते तसं काहीतरी.

सगळं सांगितलं. डॉ., डिसेंबर, हिराजी, मोडलेली, जासईची. घोकलेलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही. डोळ्यांत पाणी आल्यावर नीट दिसेनासं झालं, तरी सांगत राहिले.

हे खूप वेळ शब्द जुळवत होते. मग म्हणाले, "कानशीच्या... वाईट. मी पण... टाकणारच होतो."

अकरा वर्षं वापरल्या. आणि टाकणार होते? हिराजीच्या कानाजवळून तुकडा गेला हे खरं. पण हे माझ्यासाठी म्हणाले की खरंच तसं होतं, मला कळायला मार्ग नाही. विचारणारही नाही.

मग नव्या पटाशीची शेपटी दाखवली, मुठीत शिरते ती. माझ्या करंगळीएवढी बारीक. "मोडेल," म्हणाले. आणि ठशावर नख मारून हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. तोंड एका बाजूला वाकडं होतं, तरी हसलेच.

१४ फेब्रु., मंगळ
रोज संध्याकाळी माझी शिकवणी. मी पाटीवर लिहून घेते, ते डाव्या हाताने चित्र काढतात. आजचा धडा: ठसा बघायचा नाही, तो कुणीही मारतो. गोल सळईतून खोदून काढलेली हवी, पट्टी वाकवून केलेली नको. शेपटी नाहीच पाहिजे, सळई तशीच्या तशी जाड मुठीत गेली पाहिजे.

पटाशीची आतली खोलगट खाच म्हणजे "पन्हळ", तो शब्द काही केल्या येईना. प, प, पन. मी सांगायला गेले तर हात वर करून थांबवलं. वरण उतू गेलं. शेवटी आला. दोघंही दमलो.

१६ फेब्रु., गुरु
पन्हळीत नख घालून तळापासून तोंडापर्यंत ओढायचं. कुठे अडकलं तर धार कधीच एकसारखी लागणार नाही, कारण धार म्हणजे बाहेरचा उतार आणि आतली पन्हळ जिथे भेटतात ती जागा. बाहेरून कितीही घासा, आत खडबडीत असेल तर करवतीसारखीच होणार. हे सगळं त्यांनी सांगितलं नाही. "आत... आत बघ," एवढंच. बाकीचं माझं मला कळलं. शाळेत फळ्याच्या कडेवरून नख फिरवत होते, मुलं बघत होती.

१७ फेब्रु., शुक्र
कांबळे आले होते, ह्यांच्या कंपनीतल्या टूलरूमचे, हत्यारं करतात तिथले. ह्यांना शब्द सापडेना तेव्हा त्यांनी पुरे केले. साधं पोलाद धार लावायच्या सहाणेच्या चाकाला लावलं की पांढऱ्या, फुटणाऱ्या ठिणग्या. दिवाळीतल्या फुलबाजीसारख्या. हायस्पीड म्हणतात त्या जातीच्या पोलादाच्या ठिणग्या लाल, मंद, थोड्याच. "वहिनी, फुलबाजी दिसली की ठेवून द्यायची. लाल दिसली की सोडायची नाही." साधं पोलाद चाकावर तापून निळं पडलं की मेलं, हायस्पीडला धार दहापट टिकते. ह्यांनी मान हलवली आणि दहाच्या जागी चार बोटं दाखवली. कांबळे म्हणाले, "बरं, चारपट."

जायच्या वेळी दारात मला म्हणाले, "खरंच लेथ चालवणार का हे?" म्हटलं, माहीत नाही. डॉ. म्हणतात हत्यार नुसतं हातात धरू द्या, व्यायाम होईल. मशीन नको.

१८ फेब्रु., शनि
पुन्हा नागदेवी. पेटी परत केली. म्हाताऱ्याने कुरकुर केली. मी बारीक शेपटी दाखवली, म्हटलं, "वाटीच्या कामाला ही मोडेल. लाकूड हिसका देतं." मग पन्हळीत नख फिरवून अडकतं कुठे ते दाखवलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"बाई, आप कौनसे कारखाने में हो?"

"मराठी शाळेत. चौथीला."

आत जाऊन गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. एकच. जाड गोल सळई, काळपट, ना ठसा ना चकाकी. कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातली. नख घातलं. सरसर आलं, कुठे थांबलं नाही. चाकावर लावा म्हटलं. त्याने लावली. लाल, मंद, थोड्याच.

त्या तिघींची जी किंमत तीच हिच्या एकटीची. त्याने तोंडाने सांगायच्या आधी मला वाटलंच होतं. घासाघीस केली नाही. करायला हवी होती, पण पटाशी हातातून खाली ठेववेना.

१९ फेब्रु., रवि
नख घातलं ह्यांनी. डोळे मिटून. तळापासून तोंडापर्यंत, दोनदा. मग पटाशी बाजूला ठेवून माझं बोट धरलं, आणि माझ्या नखावर अंगठा फिरवला.

आज शब्द शोधलेही नाहीत.

२६ फेब्रु., रवि
कांबळ्यांनी शिसवीची मूठ करून आणली. हातभर लांब, शेवट काखेत दाबता येईल अशी. दुपारी हिराजी स्वतः आला, खांद्यावर भेंडीच्या झाडाचा ओंडका. खाडीच्या बांधावरचं पडलेलं झाड. दारातच टेकवला. आत या म्हटलं तर चप्पल काढून दारातच बसला. ह्यांनी डावा हात पुढे केला. हिराजीने दोन्ही हातांनी धरला. "भाऊ, बरं दिसतंय आता," एवढंच. चहा घेऊन गेला. पटाश्यांचा विषय कुणीच काढला नाही.

४ मार्च, रवि
चादर काढली.

टेकूवर पटाशी धरतो तो डावा हात. मूठ सांभाळतो तो उजवा. म्हणून डावा त्यांचा आणि उजवा माझा. मी त्यांच्या मागे उभी, मूठ माझ्या काखेत. मशीन चालू केलं तेव्हा मी मूठ आणखी घट्ट दाबली. पहिल्यांदा लाकडाने हिसका दिला, मी ओरडले. ते म्हणाले, "उतार. उतार टेकव." आधी पटाशीचा उतार लाकडावर नुसता घासू द्यायचा, मग मूठ सावकाश उचलायची. उचलली.

भुसा उडेल वाटलं होतं. सालपटं निघाली. लांब, ओलसर, गुलाबी. ह्यांच्या दंडावर, माझ्या केसांत. भेंडीचं ताजं लाकूड कापताना आवाजही येत नाही फारसा, नुसती सळसळ.

वाटी झाली नाही. एका बाजूला भोक पडलं. तरी हे कितीतरी वेळ ती हातात धरून बसले होते.

११ मार्च, रवि
आज ह्यांची उजवी बोटं मुठीवर मिटली. मी धरायला मदत केली नाही. मी मोजत होते, पंधरापर्यंत टिकली. मशीन बंदच होतं. पंधरानंतर सुटली तेव्हा पटाशी डाव्या हाताने सावरली, पडू दिली नाही.

संध्याकाळी म्हणाले, "उद्या मी... एकटा."

उद्या माझी शाळा, साडेपाचपर्यंत. कदमकाकू नाहीत, लेकीकडे गेल्यात. डॉ. काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. कांबळे काय म्हणतील तेही. म्हटलं, "मी आल्यावर करू या." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

ते हातपाय धुवायला गेले तेव्हा मी लेथचा फ्यूज काढून पर्समध्ये टाकला. पर्सची चेन लावली. मग जेवणाची पानं घेतली. भात वाढताना मन लागेना. उठले, पर्समधून फ्यूज काढला, एका बशीत घातला आणि त्यांच्या ताटाजवळ ठेवला.

बघितलं त्यांनी. मी म्हटलं, "मी काढला होता. आता उद्याचं तुम्ही सांगा."

जेवण झालं. ताटं उचलली. बशी अजून तिथेच आहे. हे खिडकीशी बसलेत आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटतायत, उघडतायत.